खोडरबर फक्त बाँड्ससाठीच का?

डिसेंबर २०२५ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंचा कायमचा सन्मान करणाऱ्या संस्थेच्या, सोळा जणांच्या कमिटीने जेफ केंटला १४ मतं देऊन आत घेतलं आणि स्टिरॉइड घेतल्याचा आरोप असलेल्या बॅरी बाँड्सला पाच मतंसुद्धा दिली नाहीत. नव्या नियमाप्रमाणे पाचच्या खाली राहिलेल्याचं नाव पुढच्या खेपेला विचारातच घेत नाहीत, म्हणजे आता कितीतरी वर्षं दार बंद. दोघेही सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे, दोघं सहा वर्षं एकाच टीममध्ये खेळले. त्यानंतरच्या शनिवारी आमच्याकडे फ्रीमाँटला चार मराठी घरं जेवायला जमली होती, सगळे वीस-पंचवीस वर्षं बे एरियात राहिलेले, सगळे जायंट्सचे. विषय निघाला की जायंट्सच्या इतिहासातला सगळ्यात भारी हिटर कोण, आणि पाच मिनिटांत आवाज चढले. एक म्हणाला विली मेज, आणि बाँड्सचं नाव यादीत घालूच नका, चोराला कसली जागा. दुसरा म्हणाला अरे सोड ना, तेव्हा सगळेच घेत होते. ताटातली भाकरी गार झाली तरी गाडी या दोन वाक्यांच्या पुढे गेली नाही. मला दोन्ही वाक्यं चुकीची वाटतात, आणि ही चर्चा सगळीकडे याच दोन वाक्यांत अडकून पडलेली दिसते म्हणून हे लिहायला बसले.

माझं म्हणणं सरळ आहे. जायंट्सच्या १८८३ पासूनच्या इतिहासात बॅट हातात घेऊन बाँड्सइतकं कुणी केलेलं नाही, तो या टीमचा सर्वश्रेष्ठ हिटर आहे आणि ते तसंच लिहायला हवं. त्याच्यासमोर काय लिहायचं ते लिहा, कमी लिहू नका, पण नाव खोडू नका. आणि खोडायचंच ठरवलं असेल तर मग खोडरबर सगळ्या यादीवरून फिरवा, बघू किती नावं उरतात.

मुळात दोन वेगळे प्रश्न आपण एकाच पातेल्यात शिजवतोय. कुणाचा सन्मान करायचा हा एक प्रश्न. कुणी सगळ्यात चांगलं हिटिंग केलं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देताना माणूस कसा वागला, नियम पाळले का, खेळाची अब्रू राखली का, हे सगळं बघायचा हक्क लोकांना आहे, हॉल ऑफ फेमच्या निकषांत सचोटी आणि चारित्र्य हे शब्द लिहिलेलेच आहेत. पण दुसरा प्रश्न घडलेल्या गोष्टीचा आहे. बॉल आला, बॅट फिरली किंवा नाही फिरली, पुढे काय झालं. ते झालं की नाही झालं? झालं. मग ते झालंच नाही असं धरून यादी कशी लिहायची?

माझे वडील मुंबईत कांगा लीगच्या मॅचेसना स्कोअरर म्हणून बसायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही लीग ऐन पावसाळ्यात खेळतात, ओल्या खेळपट्टीवर, गवत घोट्यापर्यंत, बॉल कधी घसरतो कधी उसळतो, तिथे काढलेल्या ३५ रन्सना लोक सेंच्युरीचा मान देतात. वडिलांच्या वहीत रन्स शाईने असायचे आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी असायचं: पाऊस, लंचनंतर ऊन, कॅच सुटला, अंपायरने आउट दिलं नाही. एकदा मी शाळेत असताना एका बॅट्समनची बॅटला लागलेली कॅच अंपायरने दिली नाही आणि त्याने पुढे पन्नास मारले. मी चिडून म्हटलं बाबा हे पन्नास धरू नका. ते म्हणाले त्याने मारलेत ना, मग शाईने लिहायचे, बाकीचं समासात लिही तू. त्या वहीत मी माझ्या हाताने समासात लिहिलेलं वाक्य अजून आहे.

आता बाँड्स. मी २००३ च्या शेवटी इथे आले. २००४ च्या उन्हाळ्यात ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की स्टेडियमच्या मागे, पाण्याच्या कडेला, राइट फील्डच्या भिंतीत कमानी आहेत, तिथे उभं राहून जाळीतून तीन इनिंग फुकट बघू देतात. तिकिटं तेव्हा परवडायची नाहीत. मी तिथे उभी राहिले तर समोर राइट फिल्डरची पाठ, त्याच्यापलीकडे लांब डायमंड, आणि डाव्या हाताने खेळणारा हा माणूस, उजव्या कोपरावर मोठं चिलखतासारखं पॅड, बॅट अगदी तळाशी न धरता इंच-दोन इंच वर धरलेली. ताकदवान हिटर बॅट शेवटच्या टोकाला धरतात कारण फटका लांब जातो, हा वर धरून कंट्रोल घेत होता, लहान शाळकरी मुलाला शिकवतात तसं. आणि पिचर काय करत होता? कॅचर बाजूला उभा राहिला, हात लांब केला, आणि पिचरने मुद्दाम चार बॉल बाहेर टाकले. चार बॉल बाहेर गेले की हिटर न मारताच पहिल्या बेसवर जातो, याला वॉक म्हणतात. तेव्हा इंटेन्शनल वॉकसाठी खरोखर चार बॉल टाकावे लागायचे, नुसत्या खुणेवर सोडून द्यायचा नियम २०१७ मध्ये आला. लोक ओरडत होते, रबराच्या कोंबड्या हलवत होते, म्हणजे पिचर घाबरट आहे हे दाखवायला. मला बेसबॉल तेव्हा धड कळत नव्हता, पण क्रिकेटच्या घरातली असल्याने एक गोष्ट लगेच कळली, समोरची टीम या माणसाशी खेळायलाच तयार नव्हती. क्रिकेटमध्ये अशी सोय नाही ना, ब्रॅडमन आला म्हणून त्याला एक रन देऊन पलीकडच्या टोकाला पाठवता येत नाही.

त्या २००४ सालात बाँड्सला २३२ वॉक मिळाले, त्यातले १२० मुद्दाम दिलेले. ऑन-बेस पर्सेंटेज ०.६०९, म्हणजे शंभर वेळा आला तर एकसष्ट वेळा बेसवर पोचला, आणि या खेळात ज्याला चाळीस वेळा जमतं त्याला लोक डोक्यावर घेतात. इथे एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे: मुद्दाम सोडलं तर त्यात त्याचं हिटिंग कुठे आलं, आकडा फुगलेलाच की. ठीक आहे, ते १२० काढून टाकूया, त्या १२० वेळा तो आलाच नाही असं समजू. १३५ हिट्स, उरलेले ११२ वॉक, ९ वेळा अंगावर बॉल, भागिले ४९७. उत्तर येतं ०.५१५. मेजची संपूर्ण करिअरमधली सगळ्यात चांगली पर्सेंटेज ०.४२५ आहे, १९७१ ची. आणि अजून एक बघा, त्या वर्षी बाँड्सचे होमरन (क्रिकेटमधल्या सिक्ससारखा भिंतीपलीकडचा फटका) ४५ आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) ४१. मारणारे हिटर शंभर-दीडशे वेळा स्ट्राइकआउट होतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, ती मारण्याची किंमत धरतात. हा होमरनपेक्षा कमी वेळा स्ट्राइकआउट झाला, तेही वय ४० पूर्ण झालं त्या वर्षी.

आता तुम्ही म्हणाल, हो पण चाळीसाव्या वर्षी, हाच तर मुद्दा आहे. बरोबर, हाच मुद्दा आहे आणि तो टाळून बाँड्सची बाजू घेणाऱ्यांचा मला राग येतो. माणसाचं शरीर पस्तिशीनंतर उतरायला लागतं आणि याचं चढायला लागलं. २००१ मध्ये ७३ होमरन, त्याआधी एका सीझनमध्ये पन्नास कधी मारले नव्हते. छाती, दंड, सगळा माणूस बदललेला फोटोत दिसतो. बाल्को नावाच्या लॅबचं प्रकरण निघालं, २००३ च्या डिसेंबरमध्ये त्याची ग्रँड ज्युरीसमोर साक्ष झाली, ते मलम आणि ते थेंब स्टिरॉइड आहेत हे मला माहीत नव्हतं असं त्याचं म्हणणं. २०११ मध्ये न्यायात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरला, २०१५ मध्ये अपील कोर्टाने ते रद्द केलं. कायद्याच्या भाषेत तो सुटला. पण स्वतःच्या शरीराची इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला आपण काय लावतोय ते माहीत नव्हतं हे मला पटत नाही, आणि तुम्हालाही पटू नये. २००१ ते २००४ ही चार वर्षं औषधाशिवाय तशी झाली असती असं मी म्हणणार नाही. ३८० फुटांवर झेलला जाणारा बॉल ताकद वाढल्यावर भिंतीपलीकडे पडतो, इतकं साधं गणित आहे ते.

आणि "सगळेच घेत होते" हे तर अजिबात बोलू नका. सगळे घेत नव्हते. ज्यांनी घेतलं नाही त्यांच्यातले काही जण मेजर लीगच्या दारातून परत गेले, कारण त्यांच्या जागेवर घेतलेला कुणीतरी दहा फूट लांब मारत होता. त्यांची नावं आपल्याला माहीतसुद्धा नाहीत. "सगळेच" म्हटलं की त्या माणसांना आपण दुसऱ्यांदा बाहेर काढतो. हॉल ऑफ फेमने बाँड्सला दार उघडलं नाही याचं सगळ्यात भक्कम कारण मला तरी हेच वाटतं, चारित्र्यावरच्या प्रवचनांपेक्षा कितीतरी भक्कम. त्यामुळे सन्मान नको म्हणणाऱ्याशी मी भांडत नाही. (फक्त एवढं विचारते की ज्या बड सेलिगच्या कमिशनरपदाच्या काळात हे सगळं डोळ्यांदेखत चाललं, १९९८ च्या मॅग्वायर आणि सोसा या दोन हिटरांच्या होमरनच्या जत्रेवर लीगने भरपूर कमावलं आणि शिक्षेसकट टेस्टिंग २००४ पर्यंत आलं नाही, त्या सेलिगला त्याच हॉलमध्ये २०१७ साली मानाने कसं बसवलं.)

पण हिटिंगच्या यादीवर या. औषधाने काय मिळतं? ताकद मिळते, थकवा लवकर जातो. डोळा मिळतो का? पिचरच्या हातातून बॉल सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत, हा आत येणार की दोन इंच बाहेर जाणार हे ओळखून बॅट थांबवणं, ते औषधाच्या बाटलीत नसतं. त्या काळात औषध घेतलेले कितीतरी बॅटर होते, पिचरही होते, चौकशीच्या अहवालात दोन्हीकडची नावं आली. त्यातला एकही बाँड्स झाला नाही. सीझनमधल्या ऑन-बेसचा टेड विल्यम्सचा १९४१ चा विक्रम ६१ वर्षं टिकला होता, तो २००२ मध्ये फक्त बाँड्सने मोडला आणि २००४ मध्ये स्वतःचाच परत मोडला.

शिवाय आरोपच मुळी १९९८ च्या सीझननंतरचा आहे. त्याआधीचा माणूस बघा ना. १९९८ संपताना त्याचे ४११ होमरन आणि ४४५ चोरलेले (फटका नसताना पळून गाठलेले) बेस होते, चारशे-चारशे असं दोन्ही करणारा तेव्हा तो जगात एकटा. तीन एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचे किताब) घरात होते, तिसरा १९९३ चा, जायंट्सकडे आल्याबरोबरचा: ४६ होमरन, १२३ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेले रन), ०.३३६ ॲव्हरेज (हिट्सचं प्रमाण). आणि २८ मे १९९८ चा तो प्रसंग. ॲरिझोना ८-६ ने पुढे, नववी इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, बाँड्स बॅटिंगला. तिन्ही बेस भरलेले असताना मुद्दाम वॉक देणं म्हणजे समोरच्याला हातात एक रन काढून देणं. ॲरिझोनाचा मॅनेजर बक शोवॉल्टरने तो दिला. आठ-सात करून घेतलं पण याला मारू दिलं नाही, आणि पुढचा बॅटर ब्रेंट मेन आउट झाला, मॅच ॲरिझोना जिंकली. समोरच्या मॅनेजरने खिशातला रन काढून ठेवला, याहून मोठं सर्टिफिकेट काय असतं? आणि हे त्या चार वर्षांच्या आधीचं आहे.

इथे मी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करते, कारण माझ्या बाजूचे लोक ती दडवतात. १९९८ नंतरचं सगळं फेकून दिलं तर बाँड्सचे जायंट्ससाठीचे होमरन ५८६ वरून २३५ वर येतात. सहा सीझनमध्ये २३५, त्यातलं १९९४ चं संपामुळे अर्धवट राहिलेलं. अप्रतिमच, पण मग मेजच पहिला येतो, प्रश्नच नाही. म्हणजे पहिला नंबर खरोखर त्या वादग्रस्त वर्षांवर उभा आहे. जे म्हणतात "ती वर्षं नसती तरी तो पहिलाच", ते हिशोब न करता बोलतात. माझा मुद्दा वेगळा आहे: ती वर्षं फेकायचा अधिकार यादी लिहिणाऱ्याला कुठून आला? आणि आला असेल तर तो फक्त एकाच माणसावर का चालतो?

कारण जायंट्सच्या यादीतली बाकीची नावं जरा जवळून बघा. बिल टेरी, टीम न्यूयॉर्कला होती त्या दिवसांतला, १९३० मध्ये ॲव्हरेज ०.४०१. नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी जायंट्सच्या भागात) त्यानंतर आजतागायत कुणी ०.४०० ओलांडलेलं नाही. थोर आकडा. पण त्या वर्षी बॉलच असा होता की सगळ्या नॅशनल लीगचं मिळून ॲव्हरेज ०.३०३ होतं, जायंट्सच्या अख्ख्या टीमचं ०.३१९, आणि ०.३१५ मारणारी फिलाडेल्फियाची टीम शेवटच्या नंबरावर आली. पुढच्या वर्षी लीगने बॉल बदलला. मेल ऑट, ५११ होमरन, नॅशनल लीगमध्ये पाचशेला पोचलेला पहिला माणूस, छोटासा, डावखुरा, बॉल येताना पुढचा पाय गुडघ्यापर्यंत उचलून मारायचा. त्या ५११ पैकी ३२३ पोलो ग्राउंड्सवर, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या घरच्या मैदानावर, जिथे राइट फील्डची रेघ जेमतेम २५८ फूट होती, आजच्या बहुतेक मैदानांवर तो साधा झेल असतो. ऑटने काही लबाडी केली नाही, घराचं अंगण लहान होतं आणि तो हुशारीने खेळला. पण मग बाँड्सने ७३ मारले तेव्हा त्याच्या घरच्या मैदानावर राइट फील्डला २४ फूट उंच भिंत होती, आणि ७३ पैकी ३७ घरी, ३६ बाहेर, हेही समासात यायला नको का?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर वेगळीच आहे. टेरीचं पूर्ण करिअर आणि ऑटचं जवळजवळ पूर्ण करिअर अशा लीगमध्ये झालं जिथे काळ्या माणसाला प्रवेशच नव्हता. ऑट पाचशेकडे चालला होता तेव्हा जॉश गिब्सन काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये खेळत होता, आणि त्याचे आकडे मेजर लीगच्या अधिकृत वहीत यायला २०२४ साल उजाडावं लागलं. ते आले तेव्हा करिअर ॲव्हरेजच्या यादीत तो सगळ्यात वर गेला, ०.३७२. जायंट्सने स्वतः पहिला काळा खेळाडू घेतला तो जुलै १९४९ मध्ये, हँक थॉम्प्सन आणि माँटी अर्विन एकाच दिवशी. अर्विन तेव्हा तीस वर्षांचा, उमेदीची वर्षं नुवार्कच्या टीममध्ये आणि सैन्यात गेलेली. तरी १९५१ मध्ये त्याने १२१ आरबीआय करून लीगमध्ये पहिला नंबर काढला. पंचविशीतला अर्विन जायंट्सकडून खेळला असता तर या यादीत तो कुठे असता? आपल्याला हे समजावून सांगायला नको खरं तर. दलित बोलर पळवणकर बाळूला टीममध्ये घेतलं, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढून घेतल्या, पण पुण्यात चहा वेगळ्या मातीच्या भांड्यातून बाहेर दिला आणि हिंदू टीमची कॅप्टनशिप शेवटपर्यंत दिली नाही, ती त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाली, १९२३ साली. त्या काळातले हिंदू जिमखान्याचे विक्रम वाचताना आपण हे विसरतो का? विसरू नये. पण म्हणून ते विक्रम खोडतही नाही. टेरीने काळ्या पिचरचा एकही बॉल लीगमध्ये न खेळता ०.४०१ काढले, आणि त्याचं नाव बेधडक यादीत असतं, शेजारी साधी चांदणीसुद्धा नाही. एका माणसाने औषध घेतलं तर आकडा खोटा, आणि अख्ख्या लीगने कितीतरी स्पर्धक बाहेर ठेवले तर आकडा पवित्र, हा कुठला न्याय?

लबाडीच म्हणाल तर जायंट्सच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला फटका घ्या. ३ ऑक्टोबर १९५१, बॉबी थॉम्सनचा होमरन, डॉजर्सना हरवून पेनंट (लीगचं विजेतेपद) जिंकलं, रेडिओवरची ती आरोळी आजही ऐकवतात. ऑगस्टमध्ये जायंट्स साडेतेरा गेम मागे होते, तिथून आले. पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये, खेळाडूंनीच कबूल केलं की त्या सीझनमध्ये पोलो ग्राउंड्सच्या सेंटर फील्डच्या मागच्या क्लबहाउसमध्ये दुर्बीण लावून कॅचरच्या खुणा वाचत होते आणि घंटीच्या वायरने बुलपेनला (राखीव पिचर बसतात तिथे) कळवत होते, म्हणजे पुढचा बॉल कोणता हे बॅटरला आधी समजायचं. त्या एका बॉलची खूण मला मिळाली नव्हती असं थॉम्सन सांगत राहिला, खरंही असेल. पण दुर्बीण होती. तरी तो फटका आपण प्रेमाने दाखवतो की नाही? दाखवतो, आणि दाखवायलाच हवा, दुर्बिणीची गोष्टही सांगायला हवी. योगायोग बघा, थॉम्सनच्या मागे पुढचा बॅटर म्हणून गुडघा टेकून कोण वाट बघत होता? वीस वर्षांचा विली मेज.

मेजबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेजला पहिला मानणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, आणि प्रश्न सर्वश्रेष्ठ खेळाडूचा असता तर मी एक शब्द न बोलता मेज म्हटलं असतं. धावणं, झेल, थ्रो, बॅट, सगळं. हिटर म्हणूनही त्याच्या समासात लिहिण्यासारखं सगळं त्याच्या बाजूचंच आहे. १९५२ चा बहुतेक आणि १९५३ चा पूर्ण सीझन सैन्यात गेला. परत आला आणि १९५४ मध्ये ०.३४५ मारून एमव्हीपी. मग टीम १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आली आणि १९६० पासून कँडलस्टिक पार्क, खाडीवरचं. तिथे संध्याकाळी कसला वारा असतो हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको, जुलैत स्वेटर लागतो, आणि तो वारा लेफ्ट फील्डकडून आत यायचा, उजव्या हाताच्या मेजच्या अंगावर. त्याने फटक्याची दिशा बदलली, राइट-सेंटरकडे मारायला लागला, आणि ते मैदान घरचं असतानाच १९६५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ५२ होमरन. जायंट्ससाठी एकूण ६४६. कुणी म्हटलं की वारा आणि सैन्य धरून मी मेजला वर ठेवतो, तर मी ऐकून घेईन, ती हिटिंगवरची चर्चा आहे. माझं उत्तर एवढंच असेल की वारा धरून, वर्षं धरून सगळी बेरीज केली तरी २००१ ते २००४ च्या बाँड्सला मेजच्या कुठल्याही चार वर्षांनी गाठता येत नाही. पण कुणी म्हटलं की बाँड्स आम्ही मोजतच नाही म्हणून मेज पहिला, तर तो मेजचासुद्धा अपमान आहे. मेजला असा रिकाम्या मैदानावरचा पहिला नंबर कशाला हवा? तो बाँड्सचा गॉडफादर होता, लहानपणी बॅरी त्याच्या लॉकरजवळ खेळला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये बाँड्सचा २५ नंबर रिटायर केला तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या मेजने माइक घेऊन सगळ्यांना सांगितलं की याला हॉल ऑफ फेममध्ये मत द्या.

एक आक्षेप आमच्या त्या जेवणाच्या दिवशी माझ्या मैत्रिणीने घेतला, तो मला सगळ्यात जड गेला. ती म्हणाली माझा मुलगा हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळतो, त्याला तू सांगणार का की यादीत पहिला हा, म्हणजे त्याने काय समजायचं? मी खूप विचार केला यावर. मला वाटतं पोराला आपण नाव न सांगितलं तर तो फोनवर दोन सेकंदात बघणार आहे, करिअरचे होमरन ७६२, एका सीझनचे ७३, ऑन-बेस ०.६०९, आणि त्याला आकडा दिसेल, समास दिसणार नाही. समास आपणच सांगायचा असतो. हा बघ, इतका चांगला होता की त्याला गरज नव्हती, तरी त्याने केलं, आणि आता सोळा माणसांच्या खोलीत पाच हात त्याच्यासाठी वर होत नाहीत. याहून जास्त परिणाम करणारी गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलाला दुसरी कुठली सांगणार? नाव खोडलं तर ही गोष्टच जाते.

केंटचंही सांगते, कारण त्याच्यावर माझा राग नाही. सेकंड बेसमन म्हणून ३५१ होमरन, त्या जागेवर खेळणाऱ्या कुणाचेही इतके नाहीत, तो आत गेला हे योग्यच झालं. २००० मध्ये तो एमव्हीपी झाला, १२५ आरबीआय, बाँड्स दुसरा. पण त्या वर्षी केंट बाँड्सच्या मागे बॅटिंगला यायचा, आणि बाँड्सला ११७ वॉक मिळाले होते. केंट प्लेटवर यायचा तेव्हा बेसवर कितीदा तरी कोण उभा असायचा? दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही हे जगजाहीर आहे, २००२ मध्ये डगआउटमध्ये धक्काबुक्कीही झाली. पण केंटचे आरबीआय मोजायचे आणि समोर बेसवर उभा असलेला माणूस मोजायचा नाही, असं कसं जमणार?

तर माझी यादी अशी. बाँड्स पहिला, समासात बाल्को, शाईनेच लिहा हवं तर. मेज दुसरा, समासात सैन्य आणि वारा. टेरी पाचवा, समासात १९३० चा बॉल आणि बंद दरवाजा. अर्विनला जायंट्सकडच्या थोड्याच वर्षांमुळे पहिल्या पाचात बसवता येत नाही आणि त्याचं वाईट वाटतं. राहिले ऑट आणि मॅकोव्ही, आणि तिसरा कोण यावर मात्र माझं अजून पक्कं होत नाही. ऑटचे होमरन जास्त, पण ते २५८ फूट डोळ्यासमोरून जात नाहीत. विली मॅकोव्हीने जायंट्ससाठी ४६९ मारले, त्यातले कितीतरी कँडलस्टिकच्या थंडीत, आणि १९६९ मध्ये त्याला ४५ वेळा मुद्दाम वॉक दिला, तो विक्रम बाँड्स येईपर्यंत टिकला. पिचर ज्याला घाबरतात तो मोठा, या माझ्याच हिशोबाने मॅकोव्ही वर यायला हवा. आमच्याकडे त्या रात्री मतं दोन-दोन झाली. मी मॅकोव्हीच्या बाजूने होते, उद्या विचाराल तर बहुतेक तरीही त्याच्याच बाजूने असेन, पण ऑटचं बाहेरच्या मैदानांवरचं रेकॉर्ड एकदा नीट बसून काढायचं आहे.